पेटीवर जुळतो, तंबोऱ्यावर चढतो : गंधाराची तक्रार आणि तुटणारी तार

वाचकाचं पत्र : मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. वय बेचाळीस. तीन वर्षं झाली शास्त्रीय गाणं शिकते आहे. घरी पेटीवर सूर धरून रोज तासभर भूप राग गाते. पेटीवर गंधार अगदी जुळतो, पण क्लासमध्ये तंबोऱ्यावर गायला बसलं की बाई म्हणतात, "गंधार चढा लागतोय, नीट ऐक." मला तो चढा ऐकूच येत नाही. घरी तंबोरा असावा म्हणून दिवाळीत एक जुना, मोठा तंबोरा विकत घेतला. आमच्या क्लासमध्ये सगळ्याजणी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गातात, म्हणून तोही तसाच लावायला गेले तर पहिली पितळी तार तुटली. दुकानदाराच्या सांगण्यावरून बारीक पितळी तार घातली, तीही तुटली. मुलीने मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप घालून दिलं आहे. आता तेच लावून गात बसू का? आणि पावसाळ्यात खुंट्या जागच्या हलत नाहीत असं ऐकलं आहे, त्याचं काय करतात?

उत्तर : ताई, तुमच्या बाईंचं बरोबर आहे आणि तुमचा कानही बिघडलेला नाही. पेटीचा गंधार आणि तंबोऱ्यात उमटणारा गंधार हे दोन वेगळे स्वर आहेत. तीन वर्षं तुम्ही पेटीचा गंधार गळ्यात घोटला आहे. तो तुम्ही अचूक गाता, म्हणूनच तंबोऱ्यावर तो चढा ठरतो. हे सविस्तर सांगायचं आहेच, पण आधी तारेचं बघू. तंबोरा लागल्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नाही.

तुम्ही घेतलेला मोठा तंबोरा पुरुषी आहे. तो काळी एक, पांढरी दोन या सुरांसाठी बनवतात. त्या सुरात पहिल्या तारेचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम फार खाली येतो, म्हणून तिथे पितळी तार शोभते. तुम्ही तोच तंबोरा काळी चारला ओढता, म्हणजे काळी एकपासून सगळा सूर बरोबर एका पंचमाने, दीडपट, वर नेता. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवून सूर दीडपट केला की ताण दीडपट होऊन थांबत नाही, दीडाच्या वर्गाइतका, म्हणजे सव्वादोनपट होतो. पितळ तिथे हात टेकतं.

मग बारीक तार का तुटली? बारीक तारेला ताण कमी लागतो हे खरं, पण तिची सहन करण्याची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते. लांबी आणि स्वर एकदा ठरले की तार टिकणार की तुटणार हे धातूवर ठरतं, जाडीवर ठरत नाही. सुमारे मीटरभर लांबीच्या तारेवर काळी चारचा मंद्र पंचम (१५६ हर्ट्झच्या आसपास) म्हणजे पितळाची अगदी शेवटची सीमा. पोलादी तार तोच स्वर आपल्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पेलते. त्यामुळे पितळी तारांचे नंबर बदलत बसू नका. पहिली तार पोलादी घाला. २९ नंबरची चालेल. जोडीच्या (मधल्या, षड्जाला लावायच्या) दोन्ही तारा पोलादी, ३० किंवा ३१ नंबर. खर्ज, म्हणजे चौथी, खालच्या षड्जाची तार, मात्र पितळीच राहू द्या, २६ नंबर. खर्जाचा स्वर जोडीपेक्षा सप्तकभर खाली असल्यामुळे तिथे पितळाला काही त्रास होत नाही, आणि पितळी खर्जाचा भरीवपणा पोलादाला येत नाही. दुकानात मागताना लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितकी तार बारीक.

जोडीच्या जुन्या जाड तारा तशाच ठेवून काळी चारला ओढल्या तर त्या कदाचित तुटणार नाहीत. पण त्यांचा सगळा भार दांडीवर आणि घोडीखालच्या तबलीवर येतो (घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी). तबली घोडीखाली किंचित दबलेली दिसली, किंवा दांडी भोपळ्याला मिळते तिथे केसाएवढी फट दिसली, तर त्याच क्षणी तारा सैल करा. पुढेमागे हा तंबोरा देऊन बायकांच्या सुराचा, आखूड दांडीचा तंबोरा घेता आला तर तो घ्यावा असंच माझं मत आहे. तोवर वर सांगितलेल्या तारांवर काम भागेल. नव्या तारा पहिले तीन-चार दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात. त्यात तुमची काही चूक होत नाही. तार खुंटीला गुंडाळताना पाचसहा वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी द्या, म्हणजे ती लवकर ठरते.

आता गंधार.

पेटीत एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. मोजायला सोपं जावं म्हणून सप्तकाचे १२०० सेंट धरतात, म्हणजे लागून असलेल्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्यात मात्र गंधार कोणी पट्टीने मोजून बसवलेला नाही. खर्जाची तार छेडली की तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही त्याच तारेतून निघतात. पाचपट कंपनांचा जो स्वर, तो तार सप्तकातला गंधार. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाशी त्याचं प्रमाण ५/४ येतं, सेंटमध्ये ३८६. म्हणजे पेटीचा गंधार या गंधारापेक्षा १४ सेंट चढा आहे. बाईंना खटकतात ते हे १४ सेंट.

सगळ्याच स्वरांना असा फरक पडत नाही. पंचम पेटीवर २ सेंट उतरा, शुद्ध मध्यम २ सेंट चढा. एवढं कोणाला कळत नाही. रिषभात ४. पण धैवत १६ सेंट चढा आणि निषाद १२ सेंट चढा. कोमल गंधार आणि कोमल धैवत यांची गोष्ट उलटी, ते पेटीवर १४ ते १६ सेंट उतरे असतात. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. त्यातले वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखाल महत्त्वाचे स्वर) ग आणि ध, आणि पेटीवर सर्वांत जास्त सरकलेले शुद्ध स्वर तेच. त्यामुळे पेटीवर घोटलेल्या गळ्याची उणीव भूपात जितकी उघडी पडते तितकी दुसऱ्या रागात क्वचितच पडेल. तुमचा धैवतही चढा असणार. बाईंनी अजून ते सांगितलं नसेल, कारण आधी गंधार जागेवर यायला हवा.

हा फरक तुम्हाला आजच कानाने ऐकता येईल. तंबोरा लावून खर्जाची तार एकटीच सावकाश छेडत राहा आणि दुसऱ्या हाताने पेटीवर तार सप्तकातला गंधार हलकेच धरा. काळी चारला तंबोऱ्यातला तो गंधार ५१९ हर्ट्झवर आणि पेटीचा ५२३ वर येतो. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की आवाजात हेलकावे येतात, आणि कंपनांच्या फरकाइतकेच हेलकावे दर सेकंदाला येतात. इथे ते सेकंदाला चार येतील, एक भरभर थरथर ऐकू येईल. आता पेटी बंद करून तोच गंधार गळ्यातून लावा आणि अगदी थोडा थोडा उतरवत न्या. थरथर मंदावत मंदावत थांबेल. थांबली ती जागा तुमची.

यावरून पेटीवर राग धरू नये. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला मज्जाव केला होता आणि तो १९७१ नंतरच सैल झाला, इतका हा वाद एके काळी तापला होता. तरीही ज्यांच्या पेटीची महाराष्ट्रभर वाहवा झाली ते गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचेच. गाणं तयार असलेल्या गायकामागे पेटी उत्तम साथ देते, कारण गायक आपल्या जागी ठाम असतो आणि पेटीवाला त्याच्यामागून जातो. बिघडतं ते पेटी पुढे आणि शिकणारा गळा मागे असला की. घरी पेटीचा उपयोग एवढाच ठेवा : तंबोरा लावताना षड्ज घ्यायचा आणि झाकण लावायचं.

तंबोरा लावायला पहिल्या महिन्यात वीस-पंचवीस मिनिटं लागतील. त्या वेळेला रियाजाबाहेरची वेळ समजू नका. कान तयार होतो तो तिथेच.

बसण्याआधी तारांत ओवलेले, सूर बारीक लावायचे चारही मणी घोडी आणि तारांचं खालचं टोक यांच्या मधोमध आणून ठेवा. मणी घोडीपासून दूर, खाली ढकलला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. तो आधीच एका टोकाला असेल तर शेवटची बारीक दुरुस्ती करायला जागाच उरत नाही. जवारीची (घोडीच्या घासलेल्या पाठीवर तार खुलून वाजावी म्हणून तिच्याखाली घालायची) सुतं घोडीच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवा. मग जोडीतली एक तार, म्हणजे दुसरी तार, पेटीच्या षड्जाला खुंटीने लावा. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची, नाहीतर लावलेला सूर हात काढताच घसरतो. स्वराच्या वर जाऊन खाली येऊ नका. खालून वर येऊन थांबा. वरून उतरवलेली तार कुठेतरी अडकून राहते आणि दोन मिनिटांनी आपोआप उतरते.

दुसरी लागली की पेटी बाजूला. तिसरी तार दुसरीशी जुळवायची. दोन्ही पाठोपाठ छेडा आणि हेलकावे ऐका. खुंटीने ते सेकंदाला एक-दोनपर्यंत आणा, पुढचं काम मण्याचं. काळी चारच्या षड्जावर दोन सेकंदांत एक हेलकावा उरला म्हणजे अजून ४ सेंटचा फरक आहे. तोही जाऊ द्या. जोड एक झाली की दोन तारा वाजतात हे कळेनासं होतं आणि आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. मग खर्ज जोडीशी. इथे नवशिक्यांची फसगत होते : खर्ज थोडी उतरी असली तरी नुसत्या कानाला ती खोल, छान वाटते. म्हणून जोड आणि खर्ज एकामागून एक छेडून दोघींचा नाद विरत जाताना ऐका, हेलकावा शेपटाला सापडतो. पंचमाची तार सर्वांत शेवटी, कारण जोड आणि खर्ज पक्की असली की पंचम आपली जागा स्वतः दाखवतो.

चारही तारा लागल्यावर सूत. घोडीच्या पाठीवर तारेखाली ते केसाएवढ्या अंतराने पुढे-मागे सरकवायचं आणि त्याच वेळी ती तार सारखी छेडत राहायची. सूत फार मागे असलं तर आवाज बोथट, फार पुढे गेलं तर चिरका आणि पत्र्यासारखा. मधे एका जागी तार एकदम खुलते आणि नाद लांबतो. ती जागा एखाद्या मिलिमीटरची असते, घाई केली की हातून निसटते. सूत साधं, बारीक सुती घ्या. जाड सुताने जवारी खुलत नाही, आणि त्यासाठी लोक विनाकारण घोडी घासून घेतात. सूत बसलं की स्वर किंचित हलतो, म्हणून शेवटी पुन्हा एकदा मणी.

छेडताना पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तिन्ही तर्जनीने. नख नको, बोटाचा मांसल भाग तारेवरून निसटता जाऊ द्या. जागा तारेच्या मध्याच्या आसपास. घोडीजवळ छेडलं तर आवाज कोरडा येतो. एका फेरीला चार ते पाच सेकंद लागू द्यात, आणि फेरी कधीही तालात बांधू नका. तंबोरा गाण्याच्या लयीत छेडायची सवय लागली की आलाप आपोआप मात्रांत पडायला लागतो. ही खोड पुढे मोडता मोडत नाही.

खर्जातला गंधार सुरुवातीला ऐकू येत नाही असं जवळजवळ सगळ्यांचं होतं. त्याला एक खात्रीचा उपाय आहे. घोडीपासून वरच्या हाडाच्या पट्टीपर्यंत खर्जाची लांबी टेपने मोजा. तिचा पाचवा भाग काढा. लांबी १०० सेंटीमीटर असेल तर २०. वरच्या पट्टीपासून तेवढ्या अंतरावर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि दुसऱ्या हाताने तार छेडून लगेच बोट उचला. मूळ खर्ज दबेल आणि तार गंधार घंटेसारखा स्वच्छ वाजेल. पाच-सहा वेळा असा ऐकला की बोट न टेकवता, नेहमीसारखी तार छेडली तरी कान तो शोधून काढतो. पंचमाच्या तारेवर हेच केलं तर शुद्ध निषाद मिळतो. पंचमाच्या तिसऱ्या भागावर बोट टेकवलं तर रिषभ. पंचमात लावलेल्या चार तारांतून जवळजवळ सगळा बिलावल (सगळे शुद्ध स्वर) ऐकू येतो म्हणतात, त्याचं कारण हे.

पुढचे दोन महिने रियाज असा ठेवून पाहा. पहिली दहा मिनिटं फक्त मध्य षड्ज, मोकळ्या आकारात (तोंड उघडून 'आ' म्हणत), एका दमाचा एक स्वर. अर्धवट मिटल्या तोंडाने स्वराचे वरचे नाद दबतात, मग माणूस जोर लावतो आणि जोराने स्वर चढतो. तुमच्या गंधारात पेटीचा वाटा आहे तसा जोराचाही असू शकतो. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि भूर्जी खाँसाहेबांनी जिथे तालीम दिली, त्या गावात आकाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जयपूर गायकीचा पायाच तो आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी या भूर्जी खाँसाहेबांच्या दोन शिष्यांची ध्वनिमुद्रणं काढून फक्त गंधारावरचा ठहराव ऐका. ताना तूर्त बाजूला राहू देत.

मग पंधरा मिनिटं सा आणि ग एवढंच. सा लावा, थांबा, खर्ज छेडली जाईपर्यंत वाट पाहा, तिच्यातला गंधार ऐका आणि मगच गळ्यातून लावा. आधी लावून मग तपासायचं नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बरोबर गंधार तुम्हाला उतरा, मलूल वाटेल. वाटू द्या. तो बरोबर लागला की तंबोऱ्याचा आवाज फुलल्यासारखा होतो, आणि आपला आवाज कुठे संपतो आणि तंबोरा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही.

गंधार ठरल्यावर धैवत. भूपात ग आणि ध यांचं नातं सा आणि म यांच्यासारखं आहे. म्हणून गंधारालाच षड्ज मानून त्याचा मध्यम लावा, धैवत आपोआप जागेवर येईल. नंतर छोट्या जागा : सा रे ग, प ग, ध प ग, रे ग, रे सा. प्रत्येक वेळी गंधारावर दोन फेऱ्या थांबा. देसकार तूर्त नको. स्वर तेच पाच असले तरी त्यात धैवत प्रमुख आहे आणि गंधारावर असं बसता येत नाही. दोन्ही एकत्र केले तर भूपाचा गंधारही सुटेल.

आणि ३८६ हा आकडा सगळ्या रागांना लावत सुटू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये त्यांची मोजमापं मांडली, आणि त्यावर तेव्हापासून भांडणं चालूच आहेत. दरबारीचा गंधार आंदोलित आणि नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरा, भैरवाचा रिषभ झुलता. त्या जागा आकड्याने येत नाहीत. समोर बसून गुरूकडून घ्याव्या लागतात. भूपाचा गंधार मात्र तंबोरा स्वतः दाखवतो. सुरुवात त्याच्यापासून करायची ती म्हणूनच.

ॲपबद्दल. तंबोरा रोज लावायला वेळ नसेल त्या दिवशी ॲप खुशाल वापरा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. काळी चारची खर्ज १०४ हर्ट्झची. एवढ्याशा स्पीकरमधून तिचा पाया येतच नाही, नुसती किणकिण येते, आणि ती ऐकून गळा वर सरकतो. बरा स्पीकर जोडा, जमिनीवर ठेवा, आवाज तुमच्या गाण्यापेक्षा कमी. ॲपमध्ये सूर सेंटने वर-खाली करायची सोय असते. क्लासची पेटी जुनी असेल तर तिची काळी चार ॲपच्या काळी चारशी जुळेलच असं नाही, एकदा ताडून तो फरक भरून ठेवा. सूर दाखवणारी वेगळी ॲप्स मात्र गंधार तपासायला वापरू नका. त्यातली बहुतेक पेटीच्या मापाने चालतात. तुमचा गंधार बरोबर लागला की काटा १४ सेंट उतरा दाखवेल, आणि तुम्ही तो पुन्हा चढवून ठेवाल.

काळी चार तुम्हाला योग्य आहे का, हेही एकदा बघा. सकाळी नाही, संध्याकाळी, गळा उघडल्यावर. मंद्र पंचम शब्दासकट स्पष्ट आला पाहिजे आणि तार गंधारावर मान न ताणता चार सेकंद थांबता आलं पाहिजे. मंद्र पंचम नुसता हवेसारखा येत असेल तर सूर खाली आहे. तार गंधाराला हनुवटी वर जात असेल तर पांढरी पाचला या. अर्ध्या सुराने खाली आलात तरी तारांचा ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, तुमच्या मोठ्या तंबोऱ्याला ते मानवेल. बाईंशी बोलून ठरवा. क्लासमध्ये सगळ्यांचा सूर एक ठेवावा लागतो, पण घरच्या रियाजाला तशी अडचण नाही.

आपल्याकडचा आषाढ-श्रावण तंबोऱ्याला कठीण. लाकडी खुंटी ओलीने फुगून भोकात आवळते. पकड लावून ती कधीही फिरवू नका, खुंटीचं डोकं तरी तुटतं किंवा दांडीला चीर जाते. तंबोरा एक-दोन दिवस कोरड्या खोलीत, भिंतीपासून लांब ठेवा. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती पावसाळाभर घाम धरतात, त्यांना टेकवून तर नकोच. खुंटी सुटली की बाहेर काढून पुसा, जिथे घासल्याची चकाकी दिसते तिथे कोरडा साबण किंचित आणि त्यावर खडू लावा. एप्रिल-मेमध्ये उलट होतं, खुंटी आकसून घसरते. तेव्हा नुसता खडू. तेल कोणत्याही ऋतूत नाही. गाऊन झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, बोटांचा घाम पोलादाला गंज आणतो आणि गंजलेली तार लागूनही बेसूर वाजते.

जवारीचं काम राहिलं. तुमच्या तंबोऱ्याची घोडी जुन्या, जाड तारांसाठी आणि काळी एकच्या ताणासाठी घासलेली असणार. तारा आणि सूर दोन्ही बदलल्यावर ती नीट बोलणार नाही. सूत कितीही हलवलं तरी एखादी तार मुकी राहिली, किंवा घोडीवर तारेखाली नखाला लागेल एवढी खाच दिसली, तर जवारी नव्याने करावी लागेल. हे घरी कानस घेऊन करायचं काम नाही. मिरज पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे कारागीर तिथे आहेत. पावसाळा संपल्यावर जा. ओल्या हवेत केलेली जवारी हिवाळ्यात बदलते. जाण्याआधी नव्या तारा घालून आठवडाभर काळी चारला (किंवा ठरेल त्या सुराला) ठेवा, म्हणजे कारागिराच्या हातात तंबोरा तुमच्या ताणात पडेल. त्याला सूर सांगा, बायकांच्या गाण्यासाठी आहे हे सांगा, आणि जवारी फार खुली नको म्हणा. फार खुली जवारी पहिल्या दिवशी झगमगते, पण लवकर झिजते आणि तिच्या किणकिणीत खर्ज हरवते. काम झाल्यावर तिथेच दहा मिनिटं बसून एकेक तार वेगळी छेडा. खर्जातून गंधार आणि पंचमातून निषाद बोट न टेकवता ऐकू आले पाहिजेत. नाही आले तर तिथल्या तिथे सांगा, चांगला कारागीर पुन्हा दोन हात फिरवून देतो.

नेता-आणताना तारा पूर्ण सोडू नका, घोडी जागची हलेल. प्रत्येक खुंटी अर्धा-पाऊण फेरा सैल करा. घोडी आणि तबलीवर घडी केलेलं फडकं, वर गवसणी. दुचाकीवर कधीच नको. रेल्वेत किंवा गाडीत भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्याला लागून, अशी उभी बैठक ठेवा. आडवा टाकलेला तंबोरा एका धक्क्यात भोपळ्याच्या जोडावर चिरतो, आणि ती चीर वरून दिसत नाही. घरी आल्यावर भोपळ्यावर बोटाच्या पेराने चारी बाजूंनी हलकं टिचकून बघा. कुठे खरखर आली तर तारा न चढवता तसाच कारागिराला दाखवा.